ज्याची जोडी, त्याच्या हाती घडी नाही

डॉक्टरबाईंना काय विचारायचं ते मी भंडाऱ्याच्या बस स्टँडवर मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. ‘नमस्कार मॅडम, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. प्रकल्पासाठी तुमच्या दवाखान्यातले काही नमुने मिळतील का?’ वाक्य पाठ होतं. पण तोवर मी दातांच्या जितक्या दवाखान्यांत गेले होते, तिथे ते कुणी पूर्ण ऐकून घेतलं नव्हतं. एका ठिकाणी तर ‘आमच्याकडे जंतू नसतात’ असं सांगून दार लावून घेतलं. मला ते खरंच वाटलं. मी पायरीवरून ‘बरं, थँक्यू’ म्हणून उतरले.

या दवाखान्यात दाराशीच एक मदतनीस ताई बसल्या होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं, वय विचारलं आणि मग विचारलं, “कोणता दात?”

“दात नाही, मला मॅडमना...”

“ते आत सांगजो. बस.”

मी बसले. नंबर आला तेव्हा त्यांनी मला थेट खुर्चीवर नेलं, खुर्ची मागे झुकली, डोळ्यांवर दिवा आला आणि दिव्यामागून आवाज आला, “आ कर.”

आमच्या घरात मोठ्या माणसाने सांगितलं की आधी करायचं आणि मग विचारायचं. मी आ केला.

“कधीपासून दुखतंय?”

तोंडात आरसा असताना ‘दुखत नाही’ असं म्हणता येत नाही. मी मान हलवली. डॉक्टरबाईंना ती ‘खूप दुखतंय’ अशी वाटली असावी. त्या सगळे दात टोचून पाहू लागल्या. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी हातमोजा घातलेल्या हातानेच तो ट्रेशेजारून उचलला, कुणाला तरी गॅसचं सिलिंडर मागच्या दाराने आणायला सांगितलं, फोन ठेवला आणि तोच हात पुन्हा माझ्या तोंडाकडे आला.

मी तोंड मिटलं.

“काय झालं?”

“मॅडम, हात.”

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. मागे मदतनीस ताई फिसकन हसल्या. डॉक्टरबाईंनी मोजे काढून टाकले, हात धुतले, नवे मोजे घातले आणि मग पुन्हा माझ्याजवळ न येता लांबूनच विचारलं, “कोण गं तू?”

पाठ केलेलं वाक्य तेव्हा आठवायला हवं होतं. पण मी म्हणाले, “मला तुमच्या दवाखान्याचे जंतू पाहिजेत.”

असा माझा प्रकल्प सुरू झाला. डॉक्टरबाईंनी हो म्हटलं. त्यांनी असं का केलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. कदाचित माझी दया आली असेल. अट एकच होती. “दवाखान्याचं नाव कुठे लिहायचं नाही. आणि जे निघेल ते मला तोंडावर सांगायचं. चांगलं असो, वाईट असो.” मी हो म्हणाले. तोंडावर सांगणं हेच मला जगात सर्वांत जड जातं, हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या एका दाढेला कीड आहे हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

पहिले नमुने मी दिव्याची मूठ, कप्प्याची कडी आणि खुर्चीचा हात यांच्यावरून घेतले. निर्जंतुक कापसाची काडी त्यांवरून फिरवायची, नळीत बंद करायची, कॉलेजात आणून जंतूंच्या जेवणाने भरलेल्या काचेच्या बशीवर तिने रेघा ओढायच्या आणि बशी उबेत ठेवायची. आम्ही तिला प्लेट म्हणतो. जंतू असले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर ठिपके उगवतात. दिव्याच्या मुठीच्या प्लेटवर पिवळे, पांढरे आणि एक नारिंगी असे ठिपके उगवले. सर म्हणाले, “छान आलंय.” माझ्या कामाला कॉलेजात कुणी ‘छान’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. मी फोटो काढला आणि संध्याकाळच्या बसने करडीला, आमच्या गावी, आले.

तो फोटो मी घरी दाखवायला नको होता.

माझ्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मी तिथे काय करते हे आईबाबांना दाखवता येईल असं काही माझ्याजवळ कधी नसायचं. वह्या त्यांना वाचता येत नाहीत, गुणपत्रिका त्यांना सगळ्या सारख्याच वाटतात. हा फोटो मात्र दिसण्यासारखा होता.

आईने फोन लांब धरला. “बुंदी होय काय?”

“जंतू होत, आई. दातांच्या दवाखान्यातले. दिव्याच्या मुठीवरचे.”

बाबांनी फोन ओढून घेतला. “दवाखान्यात? भंडाऱ्याच्या?”

मग मी समजावून सांगितलं. यातले बहुतेक जंतू आपल्या हातावर असतातच, ते काही करत नाहीत, मूठ प्रत्येक पेशंटनंतर पुसली की झालं, वगैरे. पण ‘जंतू’ या शब्दानंतर कुणी ऐकत नाही, हे मी तेव्हा शिकले. दुसऱ्या दिवशी बाबांनी पानठेल्यावर सांगितलं, की माझ्या पोरीने फोटो काढून आणले, भंडाऱ्याला दात दाखवायला जाल तर बुंदी घेऊन याल. शेजारच्या काकूंनी कवळीचं माप द्यायला जायचं रद्द केलं.

त्यानंतर महिनाभरातच बाबांची खालची दाढ सुजली.

ती दाढ कधीची पोखरलेली होती. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाऊन खाऊन बाबांचे दात खैराच्या लाकडासारखे झाले आहेत. आधी त्यांनी लवंग धरली, मग मिठाची गुळणी, मग गालावरून डोक्यापर्यंत आपला चौकटीचा दुपट्टा आवळून बांधला. बाबांचा दुपट्टा ही एक गोष्टच आहे. ते त्याने घाम पुसतात, बैलांचं तोंड पुसतात, जेवल्यावर हात पुसतात, त्यात भाजी बांधून आणतात, आणि दुपारी तोच तोंडावर घेऊन झोपतात. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज उतरली आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा चढली. डॉक्टरांनी सांगितलं, दाढ काढावीच लागेल, भंडाऱ्याला जा, उशीर करू नका, पू गळ्याकडे उतरला तर जड जाईल.

“मी नाही जात,” बाबा म्हणाले.

“काहून?” आईने विचारलं.

“पोरीनंच त पुरावा आणला ना. एका दातासाठी साऱ्या गावाचे जंतू तोंडात घेऊ काय?”

“बाबा, ते मुठीवरचे होते. तोंडात जातात ती हत्यारं वाफेत...”

“तू नको बोलू. तू आता दवाखान्याची झाली.”

बाबांशी बोलण्यात मी कधीच जिंकले नाही. बाबा एका वाक्याला तीन वाक्यं परत करतात, आणि तिसऱ्यावर समोरचा हसतो. हसल्यावर भांडता येत नाही. पण त्या आठवड्यात त्यांना भात चावता येईना. आई त्यांना पेज द्यायची. दुपारी कणकण यायची. आणि एकदा मी चुलीपाशी गेले तर आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तो फोटो नसता दाखवला त गेले असते ते.”

हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त लागलं.

मी बाहेर आले आणि बाबांसमोर उभी राहून म्हणाले, “मी दवाखान्याची हत्यारं तपासून आणते. जंतू निघाले त नका जाऊ. नाही निघाले त जायचं.”

बाबांनी दुपट्ट्यातून एक डोळा माझ्याकडे वळवला. “कोण तपासन?”

“मी.”

“ज्याची जोडी, त्याच्या हाती घडी नाही देत.”

हे समजायला आमच्याकडचा पट माहीत हवा. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मध्ये काही वर्षं पट बंद होते, आता पुन्हा भरतात. कोणती जोडी किती सेकंदांत पोचली यावर सगळं असतं, त्यामुळे घडी, म्हणजे घड्याळ, कुणाच्या हातात आहे याला फार महत्त्व. ज्याची जोडी धावते आहे, त्याच्याच काय, त्याच्या सोयऱ्याच्याही हातात घड्याळ देत नाहीत. आमच्या गावच्या पटात घड्याळ बाबा धरतात. बाबांची स्वतःची जोडी कधी पटात उतरली नाही. आमचे बैल फक्त नांगराला चालतात, तेही मनात आलं तर. म्हणूनच सगळ्यांचा बाबांवर विश्वास. यंदाचा पट तोंडावर आला होता आणि दोन माणसं येऊन विचारून गेली होती, सुजलेल्या गालाने येता की दुसरा पाहायचा.

“मंग घडी कोणाच्या हाती द्यायची?” आईने विचारलं.

“तुह्या,” बाबा म्हणाले. “नळ्यांवर खुणा तू करजो. हिले नाही सांगायचं कोणती कोणाची. निकाल लागल्यावर खोलजो. आणि एकटी जोडी धावली त पट नाही होत. घराकडूनही एक पाहिजे. आपल्या पितळी गुंडातलं पाणी धावन.”

तो गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आजीच्या लग्नातला, भंडाऱ्याचाच, आणि आई रोज चिंचेने घासते. बाबांनी चांगली जोडी निवडली होती. मी मान्य केलं. पण माझ्यातही थोडं काहीतरी होतं त्या दिवशी. मी म्हणाले, “दवाखान्याच्या दोन धावतील. हत्यार आणि खुर्चीचं पाणी.” खुर्चीला एक बाटली असते, तिच्यातलं पाणी बारीक नळीतून तोंडात फवारतं. पुस्तकात त्या नळ्यांबद्दल एक परिच्छेद होता आणि तो माझ्या मनात बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी दाढ काढायचा चिमटा असलेलं पाकीट माझ्यासमोर फोडलं. त्याआधी पाकिटावरची खूण दाखवली. वाफ नीट लागली की ती काळी पडते. मी आतल्या चिमट्यावरून काडी फिरवली.

“आणि पाणी,” मी म्हणाले.

“पाणी कशाला? आपल्या मशीनचं शुद्ध पाणी आहे. पिण्याचं.”

“आलेच आहे तर घेते, मॅडम.”

त्या हसल्या. “घे, घे.”

नळ्या बर्फाच्या थर्मासात घालून घरी आणल्या. गुंडातल्या पाण्यात मी आईसमोर काडी बुडवली. मग कोणती नळी कशाची ते आईला सांगून मी आणि बाबा अंगणात बसलो, आणि आई आत खुणा करायला गेली. ती आकडे लिहीत नाही, म्हणून चित्रं काढते. बराच वेळ झाला. बाबांना बसल्या बसल्या दुपट्टा तोंडावर घेऊन डुलकी लागली. आई एकदा बाहेर आली, त्यांच्याजवळ वाकली, गालाला हात लावून ताप पाहिला असं मला वाटलं, आणि परत आत गेली.

सकाळी थर्मास हातात देताना ती म्हणाली, “चार होत.”

“तीन ना?”

“एक काडी उरली होती. वाया काहून घालवा?”

चार नळ्यांवर चिकटपट्टीवर चित्रं होती. सूर्य, वांगं, मासा आणि एक घर. माशाच्या नळीतली काडी बाकीच्यांपेक्षा मळकट दिसत होती. मी नियम मोडू नये म्हणून तिकडे पाहिलं नाही. बसमध्ये दोन वेळा पाहिलं, पण काही कळलं नाही.

सरांनी रात्रभर नमुने बर्फात ठेवल्याबद्दल भुवया उंचावल्या आणि प्लेटवर मासा का आहे असं विचारलं. मी अडखळत सगळं सांगितलं. सर इतके हसले की शेजारच्या प्रयोगशाळेतले सर डोकावून गेले. मग म्हणाले, “हे असंच्या असं प्रकल्पात लिही. तपासणाऱ्याला कोणता नमुना कुठला हे माहीत नसणं ही चांगली गोष्ट आहे.” मी लिहिलं. फक्त ‘आई’च्या जागी ‘एक त्रयस्थ व्यक्ती’ असं लिहिलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा तिला ते आवडलं नाही.

उबेतून प्लेटा काढल्या तेव्हा सूर्यावर एकही ठिपका नव्हता. घरावर चार-पाच. वांग्यावर बारीक फिकट ठिपके इतके, की मोजायचा कंटाळा यावा. आणि मासा! माशावर जागाच उरली नव्हती. पांढरं, पिवळं, तपकिरी, त्यावर बुरशीची लव, आणि झाकण उघडण्याआधीच वास. प्लेट घरी नेता येत नाही, म्हणून मी फोटो काढले.

त्या संध्याकाळी बाबा ओसरीवर बसले होते. गाल आता कानापर्यंत गेला होता, दुपट्टा घट्ट बांधलेला. मी फोटो एकामागून एक दाखवले. माशाचा फोटो आला तसे बाबा सरळ झाले.

“हे! हेच दवाखान्याचं!” दुखऱ्या तोंडाने जितकं ओरडता येईल तितकं ते ओरडले. “पाहा, म्या म्हणलं होतं का नाही? हे पाणी तोंडात घेऊ मी? याच्यापेक्षा तलावाचं बरं. काय व, हेच ना?”

आई चुलीवरून उठली नाही. “सूर्य म्हणजे चिमटा.”

“ज्याच्यावर काही नाही तो?”

“हो. घर म्हणजे गुंड. वांगं म्हणजे खुर्चीचं पाणी.”

“आणि हा मासा?”

“तो तुमचा दुपट्टा होय.”

मग बाबांनी हात वर नेला आणि गालावरची गाठ हळूहळू सोडली. दुपट्टा दोन बोटांत धरून त्यांनी अंगणात टाकला. आमच्या कुत्र्याने येऊन त्याचा वास घेतला आणि तो निघून गेला.

“त्याले कोणी पटात उतरवलं?” बाबांनी विचारलं.

“घडी माह्या हाती होती ना,” आई म्हणाली.

मी हसले. आई हसली. बाबांनाही हसू येत होतं, पण गालामुळे अर्धंच आलं. मला वाटलं, झालं, उद्या सकाळची बस. पण बाबा ते बाबा.

“चिमटा जिंकला, कबूल. पण पाणी हरलं. गुंडाच्या मागं राह्यलं. दवाखान्याची एक जोडी पहिली, एक हरली. म्हणजे बरोबरी. बरोबरीत मी खुर्चीवर नाही बसत.”

आणि ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी उंबऱ्यावर बसून राहिले. माझा पुरावा दुसऱ्यांदा त्यांना अडवत होता, आणि या वेळी त्यांचा गैरसमजही नव्हता.

सकाळी मी दवाखान्यात गेले ती दार उघडायच्या आधी. अट आठवत होती. तोंडावर सांगायचं. बसमध्ये मी वाक्य तयार केलं होतं, ‘मॅडम, आपल्या पाण्यात थोडी सुधारणा करता येईल.’ प्रत्यक्षात मी नुसता फोन त्यांच्यासमोर धरला.

“हे काय, वांगं?”

“तुमच्या खुर्चीचं पाणी.”

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. चेहरा उतरला. मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी मला आत घेतलं होतं, कीड लागलेल्या दाढेत सिमेंट भरून दिलं होतं, आणि मी त्यांना हे आणून दिलं.

“बाटली कधी धुतली होती?” त्यांनी वळून विचारलं.

मदतनीस ताई घाबरल्या. “मॅडम, मी रोज भरते जी.”

“तुला नाही. मी मलाच विचारते आहे.”

त्यांनी खुर्चीची बाटली फिरवून काढली आणि माझा हात धरून बोट आत घालायला लावलं. कडेला बुळबुळीत लागलं, बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आत लागतं तसं. पाणी शुद्ध भरलं तरी नळीच्या आत जंतूंचा असा थर धरतो आणि येणारं पाणी त्यावरून येतं. त्यांनाही हे कॉलेजात शिकवलेलं होतं. “गर्दीत राहून गेलं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पाणी आमचं हरलं गं. खरं आहे ते.”

त्याच सकाळी त्यांनी औषध घालून नळ्या धुवायला घेतल्या. रोज रात्री बाटली काढून कोरडी ठेवायची आणि प्रत्येक पेशंटआधी थोडं पाणी वाहू द्यायचं, असं ठरलं. पुढच्या पेशंटांना फोन करून त्यांनी दुपारनंतर बोलावलं. मी बाबांबद्दल सांगितलं. पटाबद्दल, बरोबरीबद्दल, गालाबद्दल. त्या आधी हसल्या आणि गालाचं ऐकल्यावर हसायच्या थांबल्या.

“दाढ काढायला हे पाणी लागतच नाही. गुळणीला सीलबंद बाटली देईन. घेऊन ये त्यांना. आज दुपारीच.”

मी तशीच परतीच्या बसमध्ये बसले. बाबा ओसरीवरच होते, दुपट्ट्याशिवाय. त्यांचं तोंड मला कधी नव्हे इतकं लहान दिसलं, गाल इतका मोठा असूनही. मी नळ्यांचं सांगितलं, बाटलीचं, सीलबंद पाण्याचं. बाबा नुसते मान हलवत होते, पटलं म्हणून नाही, संपव म्हणून. मग मी सहज म्हणाले, “आणि मॅडम म्हणाल्या, पाणी आमचं हरलं, खरं आहे ते.”

बाबांची मान थांबली. “कोण म्हणाली?”

“डॉक्टर मॅडम.”

“हरलं म्हणाली?”

“हो.”

“तिच्या तोंडानं? घडीले नाव नाही ठेवलं? झेंडीले नाही?”

“नाही. बाटली काढून मलाच बोट घालायला लावलं.”

बाबांनी अंगणाकडे पाहिलं. “इतकी वर्षं घडी धरून राह्यलो,” ते म्हणाले. “हरलो म्हणणारा एक नाही पाह्यला. झेंडी उशिरा पडली म्हणन, जमीन ओली म्हणन, घडीवाल्यानं पैसे खाल्ले म्हणन. हरलो नाही म्हणन.” मग ते उठले. “चप्पल कुठी आहे माही?”

आईने दारातून चप्पल आणली आणि त्यांच्या हातात दुपट्टा दिला. तिने तो सकाळी चुलीवर पातेल्यात उकळून काढला होता. चौकटीचा रंग उतरला होता आणि तो एखाद्या परक्या माणसाचा वाटत होता.

दवाखान्यात बाबा खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीभोवती एक चक्कर मारून आले. “पाकीट माह्यासमोर फोडजा, बाईजी.” डॉक्टरबाईंनी फोडलं. “खूण काळी आहे ना?” आहे. “आणि तो मोबाईल?” पहिल्या दिवसाची ती फोनची गोष्टही मी घरी सांगून बसले होते, हा माझा दोष. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तो ताईंकडे दिलाय.” त्याच वेळी तो ताईंच्या हातात वाजला. डॉक्टरबाईंचा हात अर्ध्या वाटेपर्यंत गेला, बाबा “अं!” म्हणाले, आणि हात परत आला.

सुई टोचताना बाबांनी माझं मनगट धरलं. मी लहान असताना तलावाच्या पाळीवरून चालताना ते मला असंच धरायचे, फक्त तेव्हा भीती माझी असायची. दाढ निघाली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

“झालं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. तोंडात जाडसर कापूस दाबून त्यांनी सांगितलं, “हा घट्ट चावून धरायचा. अर्धा तास बोलायचं नाही, थुंकायचं नाही. आणि खर्रा बंद.”

बाबांनी ट्रेमधल्या दाढेकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या दुपट्ट्याकडे.

“नाही मिळणार,” मी म्हणाले. “ती पिवळ्या पिशवीत जाते. नियम आहे.”

बाबांनी भुवया चढवल्या. माझा दात, माझ्या तोंडातला, असं त्या भुवया म्हणत होत्या. हात हळूच ट्रेकडे सरकला. मी तो धरला आणि परत आणला.

बसमध्ये खिडकीशी बाबा आणि शेजारी मी. वैनगंगेच्या पुलावर बस आली तसं त्यांनी मला हाताने विचारलं, किती वेळ झाला? तोंड उघडून कापूस काढायची त्यांना घाई झाली होती.

“अजून खूप आहे,” मी म्हणाले. “मॅडमनी एक तास सांगितलाय.”

त्यांनी अर्धा तास सांगितला होता. पण कापूस थोडा जास्त वेळ राहिला तर काही बिघडत नाही, हे मी मदतनीस ताईंना विचारून घेतलं होतं.

मग मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांसमोर मी सलग बोलले. नळीच्या आतला थर कसा धरतो ते सांगितलं, वाफ कशी काम करते ते सांगितलं, कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला सूक्ष्मदर्शकातून काहीच दिसायचं नाही आणि मी दिसतंय म्हणायचे, तेही सांगितलं. पुढे शिकायचं म्हटलं तर नागपूरला जावं लागेल, हेही सांगितलं. ते मी वर्षभर सांगायचं टाळत होते. बाबांनी एकदा वळून पाहिलं, तोंडात कापूस, डोळे मोठे. उत्तर देता येत नव्हतं. मी पुढच्या वाक्यावर गेले.

गावातला एक माणूस पुढच्या सीटवरून वळला. “काय जी, मंग पटाले घडी धरता ना?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“धरतात,” मी म्हणाले. “बोलता येत नाही, पण घड्याळ धरता येतं.”

करडीच्या फाट्यावर आम्ही उतरलो. बाबांनी कापूस काढला, आणि नेहमीच्या सवयीने तो कडेला फेकायला हात उगारला. मग थांबले, माझ्याकडे पाहिलं, खिशातून खर्ऱ्याची रिकामी पन्नी काढली, कापूस तिच्यात घातला आणि गाठ मारून माझ्या हातात दिली.

“नागपूर,” ते म्हणाले. तोंड अजून बधिर होतं, शब्द एका बाजूने सांडत होता. “ते वाक्य मधातच घुसडलं तू. म्या ऐकलं.”

मी पन्नीची गाठ चाचपली.

“ते मी नाही ठरवत, तूही नाही ठरवायचं,” ते म्हणाले आणि घराकडे चालू लागले. “आईच्या हाती घडी देऊ.”